शिमोन पास्टरची पालनी

शिमोन पास्टरला माणसाला हात लावल्याशिवाय बोलता येत नसे. त्याला नुसतं ‘जेवण झालं का’ विचारलं, तरी उत्तराआधी तो तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेई, आणि भाजी कोणती होती, तिच्यात मीठ किती होतं, हे सगळं सांगून होईपर्यंत सोडत नसे. ओळख जरा जुनी असली तर खांदा, आणखी जुनी असली तर थेट मिठी. तळोद्याच्या आठवडे बाजारात त्याला टाळायचं असेल तर लोक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत. तरी तो पिशवीला हात घाली आणि म्हणे, “आन इकडे, मी धरस.” मग पिशवीही जाई आणि रिकामा झालेला हातही जाई.

बाजारात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि दुकानामागेच आमचं घर. आम्ही तापीकाठचे गुजर. केळी, कापूस आणि नातेवाईक ही आमची मुख्य पिकं. देवाच्या बाबतीत मी आळशी माणूस. दुकानातल्या गणपतीपुढे उदबत्ती लावतो, तीही निम्मी डासांसाठी. पास्टरचं आणि माझं जमलं ते माझ्या पिकअपमुळे. मला वर डोंगरातल्या गावांना जावं लागे, आणि त्याची मोपेड घाटाच्या दुसऱ्याच वळणावर रुसून बसे. “शेठ, गाडीमा जागा शे का?” असं तो विचारी तेव्हा गाडीत बसलेलाच असे.

एकदा त्या मोपेडवरून तो घाटात पडला. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, मार्थाबाईनं, घराबाहेर हेल्मेटशिवाय पाऊल टाकायचं नाही अशी शपथ घातली होती. मोपेडवर, असा शब्द त्या शपथेत राहून गेला. त्यामुळे पास्टर पायी फिरतानाही लाल हेल्मेट घालून फिरे. भाजी घेतानाही घाली, मयतालाही घाली. मी हसलो की म्हणे, “कोन कोठे पाडी टाकी, काय भरोसा?” त्याचं बायबल माझ्या दुकानातल्या कापूस बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेलं असे. पावसाचा भरोसा नव्हता म्हणून. प्रार्थनेला तो ते दोन्ही हातांनी वर धरी, तेव्हा देवाला आधी बोंडअळीची जाहिरात दिसत असणार.

गावात काही लोक त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत. हा वर जातो, लोकांना बाटवतो, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा गाडीत सरळच विचारलं, “पास्टर, खरं सांग. आजवर कितला बाटाडात?”

तो विचारात पडला. “आयकाले चांगलं वाटाव नही,” तो म्हणाला, “पन एक बी नही. उलटा दोन घर माले कटाळीसन दुसरा चर्चमा गयात.”

ते खरंच होतं. त्याच्या हातून नवा ख्रिस्ती झालेला माणूस मी पाहिला नाही. त्याचं चर्च म्हणजे तळोद्याच्या कडेला पत्र्याची एक लांबट खोली, मागे पास्टरसाठी दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि मंडळीत वीस-पंचवीस घरं, तीही जुनीच, बापजाद्यांपासूनची. त्यांच्यासाठी रविवारी सकाळचा एक तास पुरे. उरलेल्या आठवड्यात हा माणूस सगळ्या परक्या दारांत जाऊन उभा राही आणि प्यायला पाणी मागे.

पाणी मागणं ही त्याची पद्धतच होती. बाकीचे लोक डोंगरात जायचे ते काहीतरी द्यायला. सरकार योजना द्यायला, संस्था शहाणपण द्यायला, मी बियाणं द्यायला. हा मागायला जाई. मी म्हटलं, तुझा धंदा उलटाच आहे. तर त्यानं मला विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली, अर्थातच माझा गिअरवरचा हात धरून.

“येशू चालीचालीसन थकना. इहिरवर बठना. तहान लागनी. पन बादली नही, दोर नही. मोठा देवना पोऱ्या, पन बादली नही! मंग ती बाई उनी. परकी जातनी. यहुदी लोक त्यासना हातनं पानी पीयेत नहीत. येशू काय म्हनना? ‘तुले स्वर्ग दाखाडस’ आसं म्हनना का? नही. ‘पानी दे’ म्हनना. पहिले त्यानी मांगं. आते बठ तू इचार करत.”

मी विचार केला नाही, कारण पुढे वळण होतं आणि गिअर त्याच्या ताब्यात होता.

आमच्या घरीही त्यानं असंच पाणी मागितलं. माझी आई शिवाशिव पाळणारी. तिच्या स्वयंपाकघरात मलाही अंघोळीशिवाय प्रवेश नव्हता. बाहेरच्या माणसांसाठी ओट्याच्या कोनाड्यात स्टीलचा एक पेला वेगळा ठेवलेला होता, आणि तो कशासाठी आहे हे सगळ्यांना कळे. आमच्याकडचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, त्यातून पाणी पिई आणि स्वतःच विसळून परत ठेवी. पास्टर पहिल्यांदा आला तेव्हा आईनं त्याला तोच पेला दिला, तोही वरून पाणी ओतून, हाताला हात लागणार नाही असा. तो पाणी प्यायला. पेला फिरवून बघितला.

“माय,” तो म्हणाला, “हाऊ पेला बाहेरनासाठे शे ना?”

आई थोडी चपापली. “हां.”

“मंग यावर नाव पाहिजे. नही तं कोनी बी उचली लई जाई.”

आणि खरंच तो पेला घेऊन गेला. भांड्यांच्या दुकानात त्यावर नाव कोरून घेतलं आणि संध्याकाळी परत आणून दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘शिमोन पास्टर यांजकडून सप्रेम भेट’. आता आमच्या घरात नाव कोरलेलं भांडं म्हणजे आहेरातलं भांडं. ते कोनाड्यात ठेवायची रीत नाही. आई दोन दिवस अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशी तिनं पेला घासला, आणि चिंच लावून पुन्हा घासला, आणि आतल्या मांडणीवर बाकीच्या आहेराबरोबर ठेवून दिला. पुढे अक्षय्यतृतीयेला माझे कडक सोवळ्याचे मामा जेवायला आले, त्यांना गडबडीत त्याच पेल्यातून पाणी गेलं. मामा पाणी पिता पिता अक्षरं वाचत गेले, आणि ‘पास्टर’पर्यंत पोचेतो पेला रिकामा झाला होता. आई आत जाऊन पदर तोंडाशी धरून जी हसली, तशी ती वडील गेल्यानंतर हसली नव्हती.

तरीही आईनं त्याला हात कधी लावू दिला नाही. तो ओट्यावर दिसला की ती दोन्ही हातांत परात घेऊनच बाहेर येई. परातीत काही नसलं तरी. पास्टरला ते कळे. आमच्या गावात त्यानं हात न लावलेलं माणूस मला वाटतं ती एकटीच.

मंडळीला त्याचं हे परक्या घरी जेवणं-खाणं पटत नसे. बाजाराच्या मागे मोहाची दारू गाळणारी एक म्हातारी होती. तिच्याकडे तो दुपारचा जेवला. हे रविवारच्या आत चर्चमध्ये पोचलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या सभेचे प्रमुख याकोबकाका. निवृत्त प्राथमिक शिक्षक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं शाळेच्या मराठीत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “पास्टर, आपण दारूच्या घरी काय घेतलंत?”

“उडीदनी डाळ नि भाकर,” पास्टर म्हणाला. “डाळमा मीठ जास्त व्हतं. बाकी जक्कयना घरनापेक्षा बरं व्हतं.”

जक्कय म्हणजे तो झाडावर चढून बसलेला जकातदार, ज्याच्याकडे येशू आपण होऊन जेवायला गेला. जक्कयच्या घरचं मीठ याला कसं कळलं, हे विचारायचं सगळे विसरले.

बायबलातल्या असल्या गोष्टी त्याला तोंडपाठ. कुष्ठी, रोमी शिपाई, शोमरोनी, दारूडे, वेडे, येशू ज्यांच्या दारात गेला ते सगळे पास्टरच्या बोलण्यात आपल्या सोयऱ्यांसारखे येत. पण एक गोष्ट तो सांगत नसे. ती कनानी बाईची. मला ती मार्थाबाईनं सांगितली, तांदूळ निवडता निवडता. एक परक्या जातीची बाई येशूकडे येते, माझी मुलगी आजारी आहे म्हणते, आणि येशू तिला म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकू नये. मी पास्टरला त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, “शेठ, ती गोष्ट मन्हा गळाखाले उतरस नही. ते पान उनं का मी पलटी टाकस. पुढे चारशे पान शेत, एक पलटायनं तं काय व्हई?”

पुढे त्याच पानानं त्याची गाठ घेतली.

होळीच्या आधी मी दरवर्षी वर जातो. ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत गेलेली माणसं होळीसाठी परततात, तेव्हा कधी नव्हे ते सगळा डोंगर घरी सापडतो आणि पुढच्या खरिपाचं बोलून घेता येतं. त्या वर्षी पास्टर सोबत होता. काठी गावाच्या पलीकडे एका पाड्यावर आमच्या दोघांच्या ओळखीचा रुबजी राहायचा. बाजारात पास्टरनं त्याला इतक्यांदा मिठी मारली होती की रुबजी त्याला लांबून बघूनच हात पसरून उभा राही. वर्षभरापासून तो कामाला बाहेर होता, त्यामुळे भेट नव्हती.

पाड्याच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली रुबजी एकटा बसलेला दिसला. अनवाणी, उघडा, पुढ्यात तीन दगडांची चूल आणि एक मडकं. मी गाडी थांबवायच्या आत पास्टरनं उडी मारली, “रुबजी भो!” असं ओरडत गेला, आणि त्याला उठायची उसंत न देता दोन्ही हातांनी कवटाळलं.

रुबजीनं हात पसरले नाहीत. तो लाकडासारखा ताठ झाला. आसपासची चार-सहा माणसं होती तिथे थांबली. डोक्यावर हंडा घेऊन येणारी त्याची बायको सायकी वाटेतच उभी राहिली, आणि तिचा हंडा हलून पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

रुबजी पालनीत होता. डोंगरात हे सगळ्यांना माहीत असतं. नवस बोललेला माणूस होळीला अंगावर पांढरी नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचतो, आणि त्याआधीचे दिवस नेमानं राहतो. खाटेवर झोपायचं नाही, पायात घालायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही, स्वतःचं स्वतः रांधायचं. आणि त्या पाड्याचा नेम असा की बाहेरच्या कुणाला शिवू द्यायचं नाही. शिवलं की पालनी मोडली. पास्टर स्वतः नवापूरकडच्या आदिवासी घरातला, त्याला पालनी ठाऊक होती. पण त्याच्या आज्यापासून घर ख्रिस्ती, आणि त्याचे हात त्याच्या डोक्याला विचारून कधी पुढे गेलेच नव्हते.

रुबजीची मुलगी मागे फार आजारी होती. वाचली तेव्हा त्यानं सलग काही होळ्यांचा नवस बोलला होता. हे शेवटचं वर्ष. आता मोडलं, म्हणजे सगळं मोडलं, आणि पोरीवरचं छत्र गेलं, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. ती पोर तिथेच होती. आईच्या लुगड्याला धरून आमच्याकडे बघत होती.

सायकीनं हंडा खाली ठेवला. ती बाजारात येणारी, आमची बोली तिला येत होती. आवाज चढवला नाही तिनं.

“पास्टर, तुमना देवले हात लावानी सवय शे. आमना देवले नही. तुमना देवनी सवय आमना गळामा कसाले घालतस?”

सवयीनं पास्टरचा हात तिच्याकडे निघाला होता, तो त्यानं दुसऱ्या हातानं धरून मागे घेतला. मग हेल्मेटसकट जमिनीवर बसला.

गावाच्या पुजाऱ्याला बोलावलं. पुजारा म्हातारा, शांत. त्यानं विडी पेटवली, सगळं ऐकलं. पास्टर त्याला म्हणाला, “बाबा, मन्हाकडून चुकनं. काय करू ते सांग. मी करसू.” पुजाऱ्यानं विडी विझवली. म्हणाला, ज्यानी तोडं त्यानीच गाठ मारानी. म्हणजे पास्टरनं आजपासून रुबजीबरोबर पालनी धरायची. अनवाणी, भुईवर, स्वतः रांधून. कुणाला हात लावायचा नाही. आणि पाड्याच्या होळीला रुबजीच्या शेजारी उभं राहून त्याच्याबरोबर फेऱ्या घालायच्या.

“आनि देव कोनता म्हनू?” पास्टरनं विचारलं.

“ते आमले काय माहीत?” पुजारा म्हणाला. “पालनी पाळ म्हंजे झालं.”

पास्टरनं जागच्या जागी चपला काढून माझ्या गाडीत टाकल्या. मग त्याला शपथ आठवली. डोक्यावर काही चालतं का, असं त्यानं हेल्मेटवर बोट ठेवून विचारलं. चार जुनी माणसं बाजूला जाऊन बोलली. परत येऊन म्हणाली की जुन्या लोकांनी याबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही, तेव्हा राहू दे.

मी खाली येऊन मार्थाबाईला निरोप दिला. तिनं कपाळाला हात लावला. “मी सांगेल व्हतं. त्यासना हात त्यासले एक दिन खाई.” मग तिनं काळजीनं विचारलं, “रांधाले कोन शे?” मी म्हटलं, स्वतः. ती म्हणाली, “मंग उपासच शे म्हना.” तिचं म्हणणं खरं होतं, त्याला साधी खिचडीही येत नसे. दोन दिवसांनी मी वर गेलो तेव्हा रुबजी आपल्या मडक्यातलं त्याला देत होता, वरून टाकून, शिवू न देता. अगदी आमच्या आईसारखं. पास्टर ओंजळ पुढे करून खात होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “शेठ, येशूनी चाळीस दिन काहीच खादं नही. त्याले बी खिचडी येत नसावी.”

रविवारी मी त्याला प्रार्थनेसाठी खाली आणलं. गाडीत तो मागच्या फाळक्यात बसला, मला धक्का लागू नये म्हणून. चर्चच्या दारात दर रविवारी तो एकेकाला मिठी मारून आत घेई. त्या दिवशी दाराच्या बाजूला अनवाणी, हात जोडून उभा होता. याकोबकाकांनी सवयीनं हात पुढे केला.

“आज नही काका. पालनी शे.”

सगळी मंडळी आत जाऊन बसली ती ताठ बसली. मी मागे दाराशी उभा राहिलो. मी काही चर्चला जाणारा नव्हे, पण हे चुकवलं असतं तर मला झोप आली नसती. पास्टरनं बियाण्याच्या पिशवीतून बायबल काढलं आणि तेच पान उघडलं.

“हाई गोष्ट मी तुम्हले कधी सांगी नही,” तो म्हणाला. “माले लाज वाटे. येशूनी त्या बाईले कुत्री म्हनं. चांगला मानूस, पन त्या दिन थकेल व्हई, घरनी शिकवण तोंडमा उनी व्हई. काय माहीत. पन बाई रडनी नही, पळनी नही. बाई म्हननी, ‘महाराज, पोरेसना ताटखाले पडेल चूर तं कुत्रा बी खातस.’ आते सांगा, यावर काय बोलशी? येशूले बी बोलता उनं नही. मोठमोठा शास्त्री त्यानापुढे हारनात, पन ह्या बाईपुढे येशू हारना. आनि कसा हारना? खुशीमा हारना. ‘बाई, तुन्हा विश्वास मोठा शे,’ म्हनना. तिनी पोर बरी व्हयनी.” त्यानं बायबल मिटलं. “माले बी वर एक बाई भेटनी. तिनी माले उत्तर दिधं. मन्हा देव परकी बाईपासून शिकी गया. मी कोन शे न शिकनारा?”

स्तोत्र झालं. पास्टर नेहमीसारखा तालाच्या पुढे गेला, मंडळी नेहमीसारखी त्याच्यामागे धावली. मग सगळे बाहेर लिंबाखाली जमले.

याकोबकाका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शाळेच्या मराठीत, सावकाश बोलले. “माझे वडील ख्रिस्ती झाले. होळीला नाचायचं त्यांनी सोडलं. ते वारले तेव्हा गावानं मातीला जागा दिली नाही. मी आणि माझा भाऊ, आम्ही दोघांनी प्रेत बैलगाडीत घालून नदीपर्यंत आणलं. पास्टर, ज्या होळीसाठी माझ्या बापाला माती मिळाली नाही, त्या होळीत तुम्ही उभे राहणार?”

मला थट्टा सुचली नाही. त्या म्हाताऱ्याचं बरोबर होतं, आणि मला त्याची दया आली.

पास्टरचे हात पुन्हा पुढे निघाले आणि पुन्हा मागे आले. त्या माणसाला त्या क्षणी हात लावता न येणं ही पुजाऱ्यानं दिलेली खरी शिक्षा होती. “काका,” तो म्हणाला, “तुमना बापना वखतले त्या गावमा आपलं म्हननारं कोनी नव्हतं. पुढे कोना बापना वखत उना, तं तठे एक तरी मानूस पाहिजे ना, ‘हाऊ मन्हा शे, याले माती द्या’ म्हननारा? रुबजी म्हनी. पन आज मी त्यानी पालनी मोडीसन पळनू, तं कसाले म्हनी?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “होळीत उभे राहिलात तर या व्यासपीठावर पुन्हा उभं राहू नका,” ते म्हणाले. “क्वार्टरची किल्ली मी मार्थाबाईंकडे मागणार नाही. तुम्ही आणून द्या.” सभेनं माना डोलावल्या. पास्टरनं हात जोडले आणि गाडीच्या फाळक्यात जाऊन बसला. घर, नोकरी, चर्च, सगळं एका मिठीपायी चाललं होतं, आणि घाट चढताना हा माणूस मागून मला विचारत होता की खिचडीत पाणी आधी घालतात की नंतर.

काठीची होळी झाली, मग पाड्याची आली. सगळा डोंगर उतरून आला होता. कमरेला भोपळे नि घुंगरं, अंगभर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. ढोल असे वाजत होते की माझ्या पोटातली भाकर हलत होती. उजाडताना होळी पेटली आणि नवसाची माणसं फेऱ्याला लागली. त्या सगळ्या मोरपिसांच्या मधे एक लाल हेल्मेट गोल गोल फिरत होतं. धुरामुळे ते मधेच दिसेनासं होई, पुन्हा वर येई. सायकी माझ्यापासून थोडी दूर पोरीला कडेवर घेऊन उभी होती. हेल्मेट दिसेनासं झालं की ती टाचा उंचावून बघे. मी नंतर पास्टरला विचारलं, “फेरामा काय म्हनी ऱ्हायना व्हता रे?” तर म्हणाला, “तेच रविवारनं स्तोत्र. पन शेठ, ढोलवर काय ताल बसना! मन्हा जनममा बसना नव्हता.”

फेऱ्या संपल्या. पालनी सुटली. पास्टर तरीही हात पाठीमागे बांधून उभा होता, आता नक्की सुटली की नाही याचा अंदाज घेत. रुबजीनं त्याच्यासमोर येऊन हेल्मेटवर बोटांनी टकटक केलं आणि मग त्याला अशी मिठी मारली की पास्टरचे अनवाणी पाय जमिनीवरून सुटले. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रुबजीच्या छातीची सगळी नक्षी उठली. तोच सदरा घालून तो याकोबकाकांकडे किल्ली द्यायला गेला. काकांनी किल्ली घेतली, सदऱ्याकडे पाहिलं, आणि चहा विचारला. याला नाही म्हणणं माहीतच नव्हतं. दोघं बराच वेळ चहा पीत बसले, असं मार्थाबाईनं सांगितलं.

मार्थाबाईचा भाऊ गुजरातेत सागबाऱ्याकडे राहतो. तिकडे जायचं ठरलं. ते गेले, त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. फोन अधूनमधून लागतो, पण फोनवर त्याला बोलता येत नाही. दोन वाक्यांत गप्प होतो. धरायला काही नसतं ना.

जायच्या दिवशी सामान माझ्याच गाडीत होतं. मार्थाबाई पुढे बसली होती. पास्टर निरोप घ्यायला आमच्या ओट्याशी आला आणि पाणी मागितलं. आईनं आतून त्याच्या नावाचा पेला आणला. या वेळी हातात परात नव्हती, पण त्याचं लक्ष नव्हतं. पाणी पिऊन त्यानं पेला ओट्यावर ठेवला. आई म्हणाली, “लई जा, तुन्हाच शे.”

“नको माय. घरना पेला घरमा ऱ्हाऊ दे.”

“ती बाईनी गोष्ट मन्हा पोऱ्यानी सांगी माले,” आई म्हणाली. “देवले उत्तर देनारी. कोना गावनी व्हती ती?”

“परकी व्हती माय.”

“काही परकी नही. आपलीच दिखस.”

पास्टर हसला. मग दोन पावलं मागे सरला, आईला अंतर ठेवून, आणि लांबूनच हात जोडले. डोंगरात शिकून आला होता तो. आईनं त्याच्याकडे बघितलं.

“का रे पास्टर,” ती म्हणाली, “पालनी सरनी ना तुन्ही? मंग इतला दूर कसाले उभा ऱ्हायना?”

तो जागचा हलला नाही. हात कुठे ठेवावेत हे त्या माणसाला कळेना. शेवटी आईच ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, तो हेल्मेटवर आपटला.

“पहिले हाई काढ,” आई म्हणाली.

पास्टरनं हेल्मेट काढलं. ते छातीशी धरून, मान खाली घालून तो अंगणात उभा राहिला. मार्थाबाई गाडीतून उशीर होतोय म्हणून हाका मारत होती, आणि आई काही त्याच्या डोक्यावरचा हात काढत नव्हती.